मामूचं ‘काही नको’

मी लिहायला बसलो आहे याबद्दल आधी माफी मागतो. माझी मराठी शाळा सातवीपर्यंतची. त्यानंतर अब्बांनी आम्हाला कुवेतला आणलं आणि इथल्या इंडियन शाळेत मराठी हा विषय नव्हता. पुढचं मराठी घरात बोलण्यातून आलं, आणि गावाहून येणाऱ्या माणसांच्या बॅगेत एखादं मासिक सापडलं तर त्यातून. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला, म्हणून हवल्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येतात. पण अर्ज लिहिणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं मला समजतं. शिवाय लिहायचं आहे एका क्रिकेटरबद्दल, आणि मला स्वतःला क्रिकेट येत नाही. खेळायला बोलावलं तर मी बॅगा सांभाळतो.

तरीही लिहितो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. आणखी एक आधीच सांगतो. मी रागात आहे. रागात लिहिलेलं थोडं जपून वाचावं.

माझा मामू, म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ, कुवेतमध्ये क्रिकेट खेळायला आला. हे गावात सांगितलं की लोकांना वाटतं टीव्हीवर दिसत असेल. तसं नाही. इथल्या कंपन्यांच्या टीम असतात, शुक्रवारी सकाळी त्यांचे सामने होतात, आणि कप जिंकणं हा काही मालकांचा मोठाच शौक आहे. त्यासाठी ते भारतातून, पाकिस्तानातून, श्रीलंकेतून खेळाडू आणतात. व्हिसावर लिहिलेलं असतं ‘हेल्पर’. मामूच्या कंपनीत बांधकामाचं सामान विकतात. आठवडाभर तो शुवेखच्या गोडाउनमध्ये सिरॅमिकच्या पेट्या उचलायचा आणि शुक्रवारी कंपनीची जर्सी घालून बाउंड्रीवर उभा राहायचा. पगार मात्र पेट्यांचा.

मामू बॅट्समन नव्हता, बोलर तर नव्हताच. तो फक्त फील्डर. असा खेळाडू कुणी पैसे देऊन आणतं का, असं मला लहानपणी वाटायचं. मग मी सुलैबियाच्या बाजूचं ते ग्राउंड पाहिलं. गवताचं एक पातंही नाही. दाबून बसवलेली वाळू, त्यात बारीक खडी, मध्ये खिळे ठोकून पसरलेली हिरवी मॅट. बाउंड्री म्हणजे चुन्याची रेघ, वारा सुटला की तीही जाते. अशा जमिनीवर अंग टाकायला सहसा कुणी तयार होत नाही. मामू टाकायचा. पँटच्या आत दुसरी जाड पँट घालायचा, तरी शनिवारी त्याची कोपरं आणि गुडघे सोललेले असत, आणि त्याच हातांनी तो पेट्या उचलायचा.

कॅच घ्यायला तो कौलांवर शिकला. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात कौलं परतायची असली की छपरावरचा माणूस कौल खाली सोडतो आणि खालचा ते झेलतो. कौल झेलताना हात त्याच्याबरोबर थोडा मागे न्यायचा असतो, नाहीतर कौल फुटतं आणि बोटंही. ज्याच्या हातून कौल फुटत नाही त्याला दुसऱ्या वाडीतूनही बोलावणं येतं. मामूला यायचं. पुढे जिल्ह्यातल्या एका टुर्नामेंटमध्ये कंपनीच्या एका सेल्समनने, जो सुट्टीवर गावी आला होता, त्याला उलटं धावत जाऊन कॅच घेताना पाहिलं आणि तिथूनच कुवेतला फोन लावला. महिन्याभरात व्हिसा आला. मामीच्या हातावरची मेहंदी अजून पुरती गेली नव्हती, असं अम्मी सांगते.

इथे मला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. ज्या कंपनीच्या व्हिसावर माणूस येतो, तिच्या नावावर त्याचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, असतो. दुसरीकडे नोकरी मिळाली तर पहिल्या कंपनीने सोडल्याचा कागद लागतो. त्याला आमच्यात सगळे ‘रिलीज’ म्हणतात. मामूला हवा होता तो रिलीज. बक्षीस, पगारवाढ, फोटो यातलं काही नाही. कारण मामूच्या टीमचा जुना कप्तान, भटकळचा माणूस, एका सुपरमार्केट कंपनीत स्टोअरचा मुख्य झाला होता आणि त्याने मामूला स्टोअरकीपरची जागा देऊ केली होती. तिथला पगार बायकोमुलीला इथे आणण्याच्या अटीत बसणारा होता. मामूची मुलगी तोपर्यंत शाळेत जायला लागली होती आणि बापाला ती फोनमधला माणूस म्हणून ओळखत होती. सुट्टीवर गेला की पहिले काही दिवस ती त्याच्यासमोर येत नसे. मग जवळ यायची, तोवर परतीचं तिकीट.

टीमचा कारभार कंपनीचे अकाउंट्स मॅनेजर पाहायचे. ते आपलेच, पुण्याकडचे. मामू त्यांना ‘साहेब’ म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. मामूने त्यांच्याकडे रिलीजचं बोलणं काढलं की ते म्हणायचे, “अरे, एवढा सीझन होऊ दे.” सीझन झाला की उन्हाळा लागायचा आणि साहेब सुट्टीवर जायचे. परत आले की नवा सीझन.

कायद्यात काही वर्षांनंतर मालकाच्या संमतीशिवाय जाण्याची वाट आहे, असं मी वाचलं होतं. मामूला तसं सांगितलं.

तो म्हणाला, “असेल वाट. त्या वाटेने गेलेला आपल्यातला एक माणूस दाखव.”

मी फोनमध्ये वाचलेली ती बातमीच त्याच्यापुढे धरली.

“मग तूच जाऊन बघ आधी,” तो म्हणाला. “तुझा इकामा तुझ्या बापाच्या नावावर आहे. बाप काही तू पळून गेलास म्हणून सरकारला लिहून देणार नाही. हे लोक देतात.”

गेल्या सीझनला मामूची टीम फायनलला पोचली. कंपनीचे कुवेती मालक स्वतः सामना पाहायला येणार, असं कळलं. मालक दिलदार आहेत, खूश झाले की समोरच्याला काय पाहिजे ते विचारतात आणि देतात, हे सगळ्या टीमला माहीत होतं. मामूने ठरवलं, या वेळी मालकांनाच सांगायचं. मी त्याला दोन वाक्यं इंग्रजीत शिकवली. तो गोडाउनमध्ये पेट्या लावताना ती पाठ करायचा. बरोबरचा श्रीलंकन बोलर त्याला चिडवायचा, “भाई, बॉलला पण इंग्लिशमध्ये बोलावतो का आता?”

त्या सामन्याचं मी फार लिहीत नाही, मला ते नीट लिहिता येणार नाही. शेवटच्या ओव्हरमध्ये समोरच्या टीमच्या सगळ्यात जोरकस बॅट्समनने बॉल उंच मारला. बॉल उन्हात गेला. आम्हाला कुणालाच तो दिसत नव्हता. मामूने वर पाहिलंच नाही. तो वळला, पाठमोरा धावत सुटला, आणि चुन्याच्या रेघेच्या अलीकडे त्याने मान वर केली तेव्हा बॉल त्याच्या हातांवर येत होता. हात थोडे मागे गेले. मग तो खडीत घसरत गेला आणि थांबला, आणि बॉल वर धरलेला होता. कप आला.

मालक तंबूच्या सावलीत उभे होते. एकेक खेळाडू पुढे जात होता, मालक हात मिळवत होते आणि अरबीत विचारत होते, साहेब हिंदीत सांगत होते. विकेटकीपरने महिन्याची सुट्टी मागितली, मिळाली. श्रीलंकन बोलरने भावासाठी व्हिसा मागितला. मालकांनी साहेबांकडे पाहून मान हलवली, म्हणजे झालं. मग मामू गेला. त्याच्या कोपराचं रक्त बाहीवर आलं होतं. मालकांनी ते पाहिलं, त्याचा खांदा थोपटला आणि बराच वेळ काहीतरी बोलले.

साहेब या वेळी मराठीत म्हणाले, “मालक म्हणतायत, कप तू आणलास. तुला काय पाहिजे ते माग.”

मामू म्हणाला, “काही नको साहेब. तुमची मेहेरबानी आहे.”

आणि तो तिथेच उभा राहिला. मी बॅगांपाशी होतो, मला त्याचा चेहरा दिसत होता. तो वाट पाहत होता. साहेबांनी अरबीत दोन शब्द सांगितले. मालक हसले, छातीवर हात ठेवून त्यांनी मामूचं कौतुक केलं आणि पुढच्या खेळाडूकडे हात केला.

घरी आल्यावर अम्मीने दारातच विचारलं, “सांगितलंस?”

“विचारलं त्यांनी.”

“मग?”

“मी म्हटलं, काही नको.”

अम्मी म्हणाली, “कसला माणूस आहेस रे तू?”

“अगं आपा, मोठ्या माणसाने विचारलं की लगेच तोंड उघडायचं? परत विचारतील असं वाटलं. कुणाच्या घरी गेल्यावर जेवून जा म्हटलं, की तू पहिल्या शब्दाला ताटावर बसतेस का?”

“मी नाही बसत. पण तिथे आग्रह करणारं माणूस आपल्यातलं असतं.”

“साहेब होते ना आपल्यातले.”

फोन चालू होता आणि मामी गावाहून सगळं ऐकत होती, हे आम्ही विसरलो होतो. ती म्हणाली, “आकाशातलं घ्यायला जन्म घालवलात, आणि हातात आणून दिलेलं टाकून आलात.” मामू हसायला गेला, पण तिने फोन ठेवला होता.

मला त्या दिवशी मामूचा राग आला नाही. मालकांचाही नाही. मालकांच्या रिवाजात विचारलं म्हणजे विचारलं, नको म्हणजे नको. त्यांना कसं कळणार? पण मध्ये उभ्या असलेल्या माणसाला कळत होतं. पहिल्या ‘नको’चा अर्थ पुण्याहून रत्नागिरीपर्यंत लहान पोरालाही कळतो. आणि हा माणूस रिलीज मागतोय हे त्यांना कितीतरी सीझन माहीत होतं. शब्दाला शब्द सांगून त्यांनी काम उरकलं. खोटं काहीच बोलले नाहीत, हेच मला जास्त लागलं.

मी कॉलेज बुडवून मिरकाबला त्यांच्या ऑफिसात गेलो. मामूला सांगितलं नाही. जाताना वाटत होतं, आपल्या भाषेत बोलू, समजावून सांगू, ऐकतील. त्यांच्या केबिनमध्ये टीमचा फोटो होता. कप धरून साहेब मध्यभागी, मामू मागच्या रांगेत, टोपीची सावली तोंडावर.

साहेब चांगले वागले. म्हणाले, “अरे ये, बस. चहा घेणार?”

“नको.”

त्यांनी फोन उचलला आणि दोन चहा सांगितले.

मी रिलीजचा विषय काढला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे बघ, तुझ्या मामाला मालकांनी स्वतः विचारलं. सगळ्या टीमसमोर. तो काही नको म्हणाला. मी जसंच्या तसं सांगितलं. आता मी मालकांकडे जाऊन काय म्हणू, की तो नको म्हणाला पण त्याला हवंय?”

तेवढ्यात चहा आला. मला बोलताना अडखळायला होतं, त्यात मोठ्या माणसांसमोर जास्तच. पण कपाकडे पाहून मी म्हटलं, “साहेब, मीही आत्ता नको म्हणालो. तरी तुम्ही मागवलात.”

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. “चहाची गोष्ट वेगळी.”

“मामू तसंच म्हणाला होता. मालकांना नसेल कळलं, तुम्हाला कळलं होतं.”

“कॉलेजात हेच शिकवतात वाटतं,” साहेब म्हणाले. रागावले नव्हते, त्यांना गंमत वाटत होती. “बाळा, त्याला आपण आणलं कशासाठी? पेट्या उचलायला माणसं कमी आहेत का कुवेतमध्ये? तो आला बाउंड्रीसाठी. तसा दुसरा मिळाला की मी स्वतः त्याला सोडीन. मी काय त्याचा दुश्मन आहे?”

“दुसरा शोधताय का?”

“आहे त्याला सोडून दुसरा शोधायला वेळ कुणाला आहे? चहा घे, गार होतोय.”

मी चहा घेतला नाही. घरी अम्मीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “निदान चहा तरी प्यायचा होतास. त्यावरून म्हणतील, पोराला वळण नाही.” मामूला तिने सांगितलं तेव्हा तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, “माझ्या नोकरीच्या ठिकाणी पुन्हा जाऊ नकोस. तू शिकतोयस. तुझं नाव त्यांच्या तोंडी नको.”

मला अजूनही वाटतं की मी गेलो ते बरोबर होतं. पण मी शिकलोय म्हणून माझं ऐकतील, हा जो माझा समज होता, तो त्या केबिनमध्ये संपला. शिकलेल्या माणसाशी ते नीट बोलतात, चहा देतात, फरक एवढाच.

मामूचं नशीब म्हणा, सुपरमार्केटची नवी शाखा उघडायला उशीर होत गेला आणि ती स्टोअरकीपरची जागा तशीच राहिली. कप्तान दर काही दिवसांनी फोन करायचा. “मियाँ, तुझी खुर्ची मी रुमाल टाकून धरलीय. पण रुमाल किती दिवस टिकणार?” मामू म्हणायचा, “एवढा सीझन.” आता हे शब्द साहेबांना बोलावेच लागत नव्हते. मामूच ते बोलायला लागला होता.

नवा सीझन सुरू झाला. थंडीत एका शुक्रवारी मामूने बाउंड्रीवर अंग टाकलं आणि उजवा हात शरीराखाली आला. बॉल त्याने अडवला. चौकार वाचला. उठला तेव्हा खांदा खाली लोंबत होता. दोघांनी त्याला गाडीत घालून सरकारी हॉस्पिटलात नेलं, खांदा बसवला, झोळी बांधली. सामना चालू राहिला आणि टीम जिंकली. टीमच्या ग्रुपवर बॅट्समनच्या पन्नास रनांचा फोटो आला, त्याखाली टाळ्यांची रांग. मामूबद्दल एक ओळ होती, ‘गेट वेल सून भाई’. वाचवलेला चौकार कुठल्याच आकड्यात येत नाही. ज्याने मारला त्याचे रन दिसतात, ज्याने दिले नाहीत त्याचं काही दिसत नाही. या खेळातला हा अन्याय मला तोपर्यंत लक्षात आला नव्हता. आता मला दुसरं काही दिसतच नाही.

त्याच सुमारास सुपरमार्केटची शाखा उघडली. कप्तानाचा फोन आला, तो या वेळी चेष्टा करत नव्हता. वरून विचारणा झाली होती आणि आठवड्याच्या शेवटी त्याला नाव कळवायचं होतं. मामू झोळीतला हात घेऊन साहेबांकडे गेला. मी बरोबर येतो म्हटलं, त्याने येऊ दिलं नाही. परत आला तेव्हा अम्मी कांदा चिरत होती. तिने सुरी ठेवली आणि त्याला बसायला जागा केली.

“म्हणाले, खांदा बरा होऊ दे. हात वर गेला की बोलू.”

“आणि नाही गेला तर?”

“जाईल म्हणाले. त्यांच्या ओळखीचा फिजिओ आहे.”

“तुझ्या हाताची त्यांना काळजी,” अम्मी म्हणाली. “फक्त त्या हाताची.”

आठवडा संपला आणि कप्तानाने दुसरं नाव कळवलं. त्याने स्वतः घरी येऊन सांगितलं, बराच वेळ बसला, जेवला, आणि निघताना मामूला जवळ घेतलं. मला त्याला दोष देता येत नाही.

नंतर डॉक्टरने सांगितलं की हात वर जाईल, पेटीही उचलता येईल, पण पूर्वीसारखा थ्रो पुन्हा होणार नाही. मामूने हे लपवायला हवं होतं असं मला वाटतं. त्याने साहेबांना फोन करून जसंच्या तसं सांगितलं. साहेब म्हणाले, “काळजी घे.”

परवा दुपारी मी घरी होतो. मामूच्या फोनवर कंपनीच्या मंदूबचा, म्हणजे सरकारी कामं करणाऱ्या माणसाचा, फोन आला. तो इजिप्शियन, हिंदी छान बोलतो, कायम आनंदात असतो. फोन स्पीकरवर होता, कारण मामू डाव्या हाताने उजव्या खांद्यावर पट्टी बांधत होता.

“मुबारक हो भाई,” मंदूब म्हणाला. “तेरा रिलीज हो गया. तेरे मुदीर साहब ने कल खुद साइन किया. दूसरा काम मिला तो ट्रान्सफर कर, नहीं तो कंपनी टिकट देती है.”

मामूने पट्टी बाजूला ठेवली. मग त्याने विचारलं, “कल? अचानक कैसे?”

“तेरी व्हिसा वाली जगह खाली चाहिए ना, नया लड़का आ रहा है. तेरे ही रत्नागिरी का है. बोलते हैं, थ्रो बहुत ज़बरदस्त है.”

मामूने विचारलं, “कौन से गाँव का?”

मंदूबला गाव माहीत नव्हतं. फोन बंद झाला. अम्मी आतून हात पुसत आली आणि म्हणाली, “कोण होतं? काय म्हणाला?”

“रिलीज मिळाला,” मामू म्हणाला.